तपासणीच्या दिवसाचा माणूस

काटेमामांनी सवयीप्रमाणे बॉयलरच्या प्रेशरच्या घड्याळावर नखाने टिचकी मारली. काटा जरासा थरथरला, पुन्हा जागेवर येऊन बसला, आणि नेमक्या त्याच वेळी मामांच्या छातीत एक ठोका चुकला. चुकला म्हणजे आलाच नाही. रजेचा अर्ज न देता कामगार गैरहजर राहावा तसा नाहीसा झाला. आणि त्याची भरपाई करायला पुढचा जो आला तो असा, की आतून कुणीतरी बरगडीला खांदा लावून दार उघडू पाहतंय. मामा बोट तसंच हवेत धरून उभे राहिले. हा दणका त्यांच्या ओळखीचा होता. वाफेच्या नळीत कुठे थंड पाणी साचून राहिलं आणि मागून ताजी वाफ आली की नळी अशीच दणका देते. भिंत हादरते, वर इस्त्रीखात्यातल्या बायका कपाळाला हात लावतात, आणि त्यांच्यातली एखादी जिना उतरून विचारायला येते, मामा, सगळं ठीक ना? नळीच्या दणक्याला मामांकडे उत्तर असतं. सांध्याजवळची तोटी उघडायची, साचलेलं पाणी सोडून द्यायचं, तोटी बंद करायची आणि वर तोंड करून सांगायचं, ठीक आहे. पण छातीची तोटी कुठे असते? बॉयलर घडवणाऱ्या माणसाने बॉयलरला घड्याळ दिलं, पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी दिली, अगदीच हाताबाहेर गेलं तर आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह दिला. आणि देवाने, ज्याच्या कारखान्यातून इतके जीव बाहेर पडले, त्याने हृदयासारखा नाजूक नग केला आणि आत डोकावायला एक खिडकी म्हणून ठेवली नाही. मामांचा देवावर राग नव्हता. भाव होता, आणि भाव होता म्हणूनच तक्रार करण्याइतकी सलगी होती. खिडकी ठेवायला हवी होतीस, ते मनात म्हणाले. बोटाएवढी चालली असती.

हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री. वर धुलाईची यंत्रं, त्यांच्यावर इस्त्रीखातं, आणि सगळ्यांच्या पायाखाली, तळघरात, मामांचा बॉयलर. मामांच्या खऱ्या आडनावाचा काट्याशी काही संबंध नव्हता. आयुष्यभर एकाच काट्याकडे बघत बसलेला माणूस म्हणून इस्त्रीवाल्यांनी ठेवलेलं ते नाव, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने हाक आली तर मामाच शेजारच्याकडे बघत. एरवी असा दणका बसला असता तर ते स्टुलावर बसले असते आणि जरा घाबरून घेतलं असतं. पण आज घाबरायला सवड नव्हती. आज तपासणी होती. शिफ्ट संपवून घरी जायचं, बायकोला घेऊन दवाखाना गाठायचा, रक्त द्यायचं, आणि दुपारी डॉक्टरीणबाईंसमोर बसायचं; आणि त्या तपासणीची तयारी मामा गेले तीन-चार दिवस मन लावून करत होते. तयारीचा शेवटचा भाग पायाशी उभा होता: पाण्याचा कॅन. रक्त दाट होतंय असं डॉक्टरीणबाई मागे म्हणाल्या होत्या, आणि दाट झालेल्या कुठल्याही गोष्टीत पाणी घातलं की ती पातळ होते हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मामांनी कॅन उचलून तोंडाला लावला. दिवसपाळीचा जोडीदार जिना उतरून आला तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने मिटले होते आणि गळ्याची घाटी पंपासारखी वरखाली होत होती. जोडीदार बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, बॉयलरला प्यायला काही ठेवलंत का?"

ह्या थट्टेवर मामा हसले, आणि हसता हसता त्यांना नेहमीप्रमाणे आठवलं, की आपण हसलो. हे आठवणं आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दारावर सतत हात फिरवून कुलूप लागलंय ना बघणाऱ्या माणसासारखे ते स्वतःच्या हसण्यावर हात फिरवून बघत. कारण मध्ये एक काळ असा गेला होता की ते हसत नव्हते. रडत होते असंही नाही. रडायलाही काहीतरी लागतं. ते बसत. कामावरून येऊन खुर्चीत बसत, आणि खुर्ची व ते ह्यांच्यात फरक इतकाच राहिला होता की खुर्ची घोरत नसे. बायको समोर येऊन काहीतरी सांगे, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा दात दुखतो, आणि तिचे शब्द धुलाईयंत्राच्या काचेमागे फिरणाऱ्या कपड्यांसारखे दिसत, ऐकू येत नसत. जेवण म्हणजे तोंड हलवणं, झोप म्हणजे आणखी दमणं. एकदा बायकोने नवीन पडदे लावले, आणि ते त्यांना ऋतू बदलल्यावर दिसले. तेव्हा ती फक्त पडदा हाताने नीट करत राहिली, जो नीटच होता. शयनघरात तर दोघांच्या मध्ये अशी सभ्यता पसरली होती की एखाद्या प्रतीक्षागृहात शोभावी. हे वय आहे, ते म्हणत. हो, वयच असेल, ती म्हणे. असं दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या वयावर सगळं ढकललं होतं, आणि वय मुकाट्याने ते सोसत होतं, एके दिवशी पायाच्या सुजेसाठी म्हणून गेलेल्या मामांचं रक्त डॉक्टरीणबाईंनी दोन वेगवेगळ्या सकाळी तपासलं तोवर. पुरुषाच्या अंगात जे संप्रेरक असायला हवं, टेस्टोस्टेरॉन, ते तुमच्या अंगात जवळजवळ नाहीच, त्या म्हणाल्या. मामांना एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी वाईट नव्हतो, त्यांच्या मनात आलं. माझी टाकी रिकामी होती.

मग ते जेल आलं. पंपाची बाटली, रोज सकाळी एक दाब तळहातावर घ्यायचा, खांद्यांना चोळायचा आणि वाळेपर्यंत उघड्या अंगाने उभं राहायचं. कुणाला लागू द्यायचं नाही, विशेषतः बायकांना आणि मुलांना, असं बजावलेलं. म्हणून मामा खिडकीशी दोन्ही हात जरा बाजूला काढून उभे राहत आणि बायको त्यांना लांबून वळसा घालून जाई. शेजारणीने फोनवर विचारलं, काय चाललंय, तर ती म्हणाली, काही नाही, नवरा वाळत घातलाय. पण महिनाभरात गंमत झाली. मामांना पडदे दिसू लागले. नुसते दिसले नाहीत, आवडले नाहीत असंही ते म्हणाले, आणि त्यावरून दोघांचं जे कडाक्याचं भांडण झालं त्याच्या शेवटी बायको डोळे पुसत हसत होती, कारण कित्येक दिवसांत हा माणूस कशावरून तरी भांडला होता. बॉयलरच्या खोलीतून गाणं ऐकू येऊ लागलं. वर इस्त्रीवाल्या थबकून ऐकत. गाणं बेसूर होतं, पण तळघरातून येत होतं हे विशेष. छातीवर, जिथे कधी गवताची काडी उगवली नव्हती, तिथे केस आले, आणि मामा सदऱ्याचं वरचं एक बटण उघडं ठेवू लागले. शयनघरातल्या सभ्यतेचं काय झालं ते सांगायचं कारण नाही; ती गेली एवढं खरं. पण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बोट वर करून सांगितली होती. ह्याने रक्तातल्या लाल पेशी वाढतात, रक्त दाट होतं, ब्लडप्रेशर चढू शकतं, ठोक्यांची लय बिघडू शकते. तेव्हा दर काही महिन्यांनी तपासणी. आणि हृदयाचं काही दिसलं, तर जेल थांबवायचं. थांबवायचं हा शब्द मामांच्या डोक्यात पत्र्यात ठोकलेल्या रिव्हेटसारखा बसला. त्यांना हेही चांगलं ठाऊक होतं की त्यांचे वडील साधारण ह्याच वयात बुटाची नाडी बांधायला वाकले ते परत वर आलेच नाहीत. तेव्हापासून मामा बुटापाशी वाकत नाहीत, पलंगावर बसून बुटालाच वर आणतात. पण मरणाची भीती ही त्या मानाने जुनी, ओळखीची, घरातलीच होती. खुर्चीची भीती तिच्याहून मोठी होती. एक दिवस वाकलो आणि उठलो नाही, तर संपलं. पण जेल थांबलं, आणि आपण पुन्हा त्या खुर्चीत बसलो, आणि बायको पुन्हा पडदा नीट करत उभी राहिली, तर?

आता बॉयलरवाल्या माणसाला तपासणी म्हटलं की जे सुचतं तेच मामांना सुचलं, आणि दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं. बॉयलरचे इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतात. ते यायच्या आधी आठवडाभर बॉयलरचे लाड चालतात. तळाचा गाळ सोडून द्यायचा, नळ्या घासायच्या, वर इस्त्रीवाल्यांना हातापाया पडून सांगायचं की चार दिवस वाफ जपून वापरा, जुन्या डागावर नवा रंग मारायचा. आणि मग इन्स्पेक्टर येतात तेव्हा बॉयलर असा शांत, तकतकीत, मंद श्वास घेत बसलेला असतो, जसा तो वर्षभरात दुसऱ्या कुठल्याही दिवशी नसतो. इन्स्पेक्टर शिक्का मारतात, आणि त्यांची गाडी वळली की मामा आच वाढवतात. ह्यात लबाडी आहे असं मामांना कधी वाटलं नव्हतं. पाहुणे यायचे म्हणून घर आवरणं ही काय लबाडी? एकाही तपासणीत त्यांचा बॉयलर नापास झाला नव्हता, आणि त्यांचं शरीरही होऊ नये म्हणून पहिल्या तपासणीआधी त्यांनी तेच केलं. तीन-चार दिवस जेल बंद, आच कमी. मीठ बंद. कॅनभर पाणी. दवाखान्यात लवकर जाऊन डोळे मिटून बसणं, आणि ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाला लागला की मनात नदीकाठ आणणं. रक्त फार दाट नाही, प्रेशर बरं, पास. फक्त डॉक्टरीणबाई कागदाकडे बघून जरा नवलाने म्हणाल्या, एवढं जेल लावूनही पातळी कमीच आहे हो, अंगात मुरत नसेल. आणि त्यांनी एक दाबाचे दोन केले. मामा घरी येऊन दोन दाब चोळू लागले. पुढच्या वेळी, आच जास्त म्हणून तयारीही जास्त, पातळी पुन्हा कमी, दोनाचे तीन. असा तो खेळ चालला होता, आणि त्याच्यात खोट कुठे आहे हे मामांना तिसऱ्या दाबापर्यंत खरोखर कळलं नव्हतं. मग एकदा दाढी करताना आरशात बघितलं, तर तोंड चुलीतून काढल्यासारखं लाल, पावलं फुगलेली, घोरणं असं की पलीकडचा शेजारी भिंतीवर ठोकतो. आणि एकदम लख्ख समजलं, की त्या बाई जेल वाढवतायत ते एका अशा माणसाला, जो फक्त तपासणीच्या दिवशी अस्तित्वात असतो. आणि ते लावून घेतोय मी, जो बाकीचे सगळे दिवस असतो. समजलं, आणि मामांनी दाढीचा फेस धुऊन टाकला. कारण समजलेलं सांगायचं म्हणजे खरा आकडा सांगायचा, आणि खरा आकडा सांगायचा म्हणजे थांबवायचं.

दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर मामांना जगात पाण्याशिवाय काही दिसेना. पाणी प्यायल्यावर ते शरीरात राहिलं पाहिजे, बाहेर गेलं तर रक्त पुन्हा दाट, हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे सकाळपासून एक थेंबही त्यांनी सोडला नव्हता. रस्त्याच्या कडेला झाडांना नळीने पाणी घालणारा माळी होता. एक बाई मोटार धूत होती. चौकात कारंजं होतं, आणि बायकोला नेमकं तिथेच थांबून पिशवीतून चष्मा शोधायचा होता. मामा गुडघ्याला गुडघा लावून उभे राहिले आणि आकाशाकडे बघू लागले, तर आकाशात ढग. बायको म्हणाली, पाय दुखतायत का? नाही म्हणाले. मग असं का चालताय? कसं? बदकासारखं. मामा म्हणाले, नवे बूट आहेत. बायकोने बुटांकडे बघितलं. बूट तिने स्वतः दोनदा तळ बदलून आणले होते. पण ती काही बोलली नाही. तिची ही काही न बोलण्याची पद्धत जुनी होती आणि मामांना ती नेहमीच पुण्यवान वाटत आली होती. दवाखान्यात रक्त घेणारी मुलगी म्हणाली की थोडं थांबावं लागेल, सुयांचं खोकं संपलंय. त्या थांबण्याबद्दल काय सांगावं. मोठमोठे तपस्वी एका पायावर उभे राहिले असतील, पण भरलेल्या पोटाने प्लास्टिकच्या खुर्चीत बसून समोर पाण्याचं यंत्र बुडबुडे सोडताना कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. मामांनी नदीकाठ मनात आणायचा प्रयत्न केला आणि ताबडतोब घालवून दिला. शेवटी सुई आली, रक्ताची नळी भरली, मुलीने कापूस दाबायला सांगितलं, आणि मामा कापसासकट नाहीसे झाले. परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती पाहून समोर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, कुठल्या डॉक्टरांचं औषध घेता?

अहवाल यायला दुपार होणार होती. बायको शेजारी बसून लोकर विणत होती आणि मामा तिच्या बोटांकडे बघत होते. उलट, सुलट, उलट, सुलट. त्या बोटांत एकही ठोका चुकत नव्हता. आणि मामांच्या छातीत मात्र पुन्हा एकदा तो गैरहजर राहिला, आणि पुन्हा खांदा देऊन आला. ह्या वेळी सोबत एक बारीकशी गरगर आली, खोली बोटभर पुढे सरकून मागे आली. मामांनी खुर्चीचे हात धरले. सांगावं, त्यांच्या मनात आलं. आत गेलं की पहिलं वाक्य हेच बोलावं. बाई, मी तयारी करून येतो. एवढंच वाक्य. ते त्यांनी मनात फिरवून बघितलं, नीट होतं, कुठे अडकत नव्हतं. पण त्या वाक्यामागून जे दुसरं वाक्य येणार होतं, डॉक्टरीणबाईंचं, त्यात खुर्ची होती. मामांना आपली ती खुर्ची इतकी स्पष्ट दिसली की तिच्या उजव्या हातावरचा चहाचा गोल डागही दिसला. तिच्यात एक माणूस बसला होता आणि त्याला मामा ओळखत होते, आणि त्या माणसाचा त्यांना विलक्षण राग येत होता. अरे, ऊठ ना, ते त्याला म्हणत होते, ती बोलतेय तुझ्याशी. आणि तो माणूस जड डोळे उचलून विचारत होता, कोण? देवा, मामा म्हणाले, तू मला एकदा तिथून उठवलंस. दुसऱ्यांदा उठवशील की नाही हे मला ठाऊक नाही, म्हणून मी जरा हिशेब इकडचा तिकडे करतोय. तू रागावू नकोस. मग त्यांना वाटलं, देव सगळं बघतो हे खरं असेल, तर तो बिनतयारीचाच माणूस बघत असणार. त्याच्याकडे जायला आधी कळवावं लागत नाही. ह्या विचाराने धीर यायला हवा होता, पण उलट घाम आला. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं, खरं नाव, आणि मामांनी समोरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. बायकोने कोपराने ढोसलं. "तुम्हीच."

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर अहवाल पडला होता. त्यांनी आधी ब्लडप्रेशरचा पट्टा मामांच्या दंडाला गुंडाळला, यंत्राची कळ दाबली, आणि पट्टा फुगत असताना कागद वाचू लागल्या. मामांनी डोळे मिटून नदीकाठ बोलावला. नदीकाठ आला, झाडं आली, सगळं जागेवर येऊन बसलं. रक्त जरा दाटपणाकडे झुकतंय पण चालेल, त्या म्हणाल्या. पातळी मात्र कमालीची कमी आहे. तीन दाब लावून अशी? पुन्हा कागद बघितला. तुमची कातडी आहे की ताडपत्री हो, म्हणाल्या. आता चार करून बघू. हे ऐकून मामांच्या नदीकाठावर तो आकडाच येऊन उभा राहिला. चार. त्यांनी डोळे उघडले, तोंड उघडलं, ते नीट घोटलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच बसकण मारून राहिलं. आणि तेवढ्यात, लोकरीचा गुंडा पिशवीत ठेवता ठेवता, बायको सहज म्हणाली, "पण बाई, हे तपासणीच्या आधी चार दिवस लावतच नाहीत ना, मग पातळी कशी येणार? का तुम्हीच सांगितलंय, उपाशीपोटी यायला सांगतात तसं?"

पट्टा अजून फुगत होता. यंत्राच्या काचेवरचे आकडे चढू लागले आणि मामा ते असे बघत राहिले की आयुष्यात इतक्या तन्मयतेने त्यांनी काही बघितलं नसेल. त्यांना बायकोकडे बघायचं होतं. बघितलं. तिचा चेहरा ताज्या धुतलेल्या चादरीसारखा होता, एक चुणी नाही. ती खरंच भाबडेपणाने बोलली, की गेले कित्येक महिने खिडकीशी वाळत न घातलेला नवरा बघून, पाण्याचे कॅन बघून, भिंतीपलीकडची ठोकाठोक ऐकून, नेमका हा क्षण येईपर्यंत थांबली होती, हे मामांना तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढेही कधी कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे बघितलं. पट्टा सोडला, जरा वेळ जाऊ दिला, पुन्हा बांधला. आकडा थोडा उतरला, पण पहिल्याचाच सख्खा भाऊ शोभेल इतकाच. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पाणी किती प्यालात?" मामांनी सांगितलं. "छातीत काही होतं?" मामांनी तेही सांगितलं, ठोका कसा नाहीसा होतो, कसा खांदा देऊन येतो, खोली कशी सरकते. घोरता का, ह्या प्रश्नावर बायकोने उत्तर दिलं, ते बरंच लांबलं आणि त्यात शेजाऱ्याचा स्वभावही आला. वडिलांच्या बुटाचंही निघालं. एकदा तोटी उघडल्यावर मामांना ती बंद करता येईना. सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी गेलं वर्षभर कुणावर उपचार करत होते?"

मामांनी फक्त विचारलं, थांबवणार का? त्यांचा आवाज तळघरातून आल्यासारखा आला. थांबवणार, त्या म्हणाल्या, सध्या. रक्त पातळ होईपर्यंत, प्रेशर ताब्यात येईपर्यंत, झोपेत श्वास अडकतो का ते बघेपर्यंत. मग खरा आकडा पाहून, लागेल तेवढंच, पुन्हा सुरू करता येईल कदाचित. कदाचित, मामांनी मनात म्हटलं. त्यांच्या तोंडून मग जे आलं ते त्यांनी घोटलेलं नव्हतं. "मी परत तसा होईन," ते म्हणाले, डॉक्टरीणबाईंना नव्हे. "खुर्चीत बसेन. तू बोलशील आणि मला ऐकू येणार नाही." बायकोने पिशवीची चेन लावली. ती एका जागी अडकली, तिने ती मागे घेऊन पुन्हा लावली. "तुम्ही खुर्चीत बसून होतात तेव्हा मी कुठे गेले होते का?" ती म्हणाली. "तिथेच होते ना समोर. मला बसलेला नवरा चालतो. मला असलेला हवा."

डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात काहीतरी लिहायचं काढलं, लिहायचं काही नसतं त्या वेळी डॉक्टर काढतात तसं. मग लगेच हृदयाचा आलेख काढून घ्या म्हणाल्या, आत्ताच, आहात तसे. मामा पडद्याआडच्या अरुंद पलंगावर सदरा काढून आडवे झाले. आहात तसे, त्यांच्या मनात फिरत होतं. नदीकाठ बोलावण्याची सवय हाताशी होती, पण त्यांनी बोलावला नाही. आलेख काढणाऱ्या बाई चांगल्या धिप्पाड होत्या आणि कामात होत्या. त्यांनी मामांच्या छातीकडे बघून जीभ टाळ्याला लावली, एवढ्या केसांवर काही चिकटायचं नाही म्हणाल्या, आणि मामांच्या तोंडून हरकत निघण्याआधी वस्तऱ्याने सपासप वाट काढली. वर्षभराची कमाई पलंगावर पडली. मग त्यांनी एक नळी दाबून काहीतरी बोटावर घेतलं. "जेल लावते हं. गार लागेल." मामा दचकले. "कसलं जेल?" त्या बाईंना बहुधा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "वायर नीट लागावी म्हणून. ह्याने काही होत नाही," त्या म्हणाल्या, आणि गार बोट बरगडीवर टेकवलं.

काही होत नाही, हे ऐकलं आणि मामांच्या पोटात कुठेतरी खोलवर एक बुडबुडा सुटला. तो वर यायला लागला. त्यांनी ओठ दाबले. समोर आलेखाचा कागद यंत्रातून सरकत बाहेर येऊ लागला होता, आणि त्यावर त्यांचं हृदय, बिनरंगाचं, बिनतयारीचं, टेकाडं चढत-उतरत चाललं होतं. मध्येच एक टेकाड गाळलं, पुढचं दुप्पट उंच काढलं, आणि पुन्हा निमूट रांगेला लागलं. एवढं वर्षभर ज्याला लपवलं तो माणूस हाच का, मामांना वाटलं, हा आमच्यासारखाच दिसतो की. आणि बुडबुडा फुटला. छाती हलली, वायरी हलल्या, कागदावरच्या टेकड्यांचा एकदम नुसता चिखल झाला. बाई म्हणाल्या, हलू नका, सगळं परत काढावं लागेल. मामांना ते अगदी मान्य होतं, पण थांबता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं.

"काय झालं?" पडद्यापलीकडून बायकोचा आवाज आला. त्या आवाजात धास्ती होती, मामांनी आजवर न ऐकलेली.

"काही नाही हो," आलेखवाल्या बाई वैतागून म्हणाल्या, "हसतायत. एक रेघ सरळ येऊ देतील तर शपथ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि बायको पडद्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "हसू द्या. कागद दुसरा लावा."